एमबीए कॉलेज वस्तीत जातं तेव्हा: छोट्या धंदेवाल्यांसाठी मदत केंद्र कसं उभारावं

बहुतेक मॅनेजमेंट कॉलेजांचं ‘समाजाभिमुख कार्य’ एका शनिवारी उरकतं. बस भरून मुलं वस्तीत जातात, समाजमंदिरात प्रोजेक्टर लागतो, ‘उद्योजकता विकास’ या विषयावर दीड तास बोलणं होतं. बायकांना चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्रं मिळतात, बॅनरपुढे फोटो निघतो, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायलीत एक पान वाढतं. सोमवारी पहाटे त्यातलीच एखादी मावशी दिवसाच्या व्याजाने पैसे उचलून मार्केट यार्डात माल भरायला जाते. शनिवारने तिचं काही बिघडवलेलं नसतं आणि सुधारलेलंही नसतं.

यापेक्षा जास्त काही करायचं ठरवलेल्या प्राध्यापकांसाठी आणि विभागप्रमुखांसाठी हा लेख आहे. जवळपास पथारीवाले, भटके-विमुक्त, प्रकल्पग्रस्त किंवा निर्वासितांची वसाहत असेल आणि निदान तीन वर्षं टिकण्याची तयारी असेल, तर खालच्या क्रमाने जावं.

क्रमाआधी माझं मत सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. वस्तीतल्या धंदेवाल्याने आपल्याकडून शिकावं असं थोडं आहे, पण वापरून घ्यावं असं पुष्कळ आहे. कॉलेजचं लेटरहेड, बँकेतली ओळख, कॅन्टीनची रोजची खरेदी, फॉर्म भरायला न घाबरणारी मुलं आणि कचेरीत “साहेब जेवायला गेलेत” असं ऐकून परत न फिरणारा प्राध्यापक, या त्या गोष्टी.

पुण्यात हे घडलेलं आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरावेचकांच्या वस्त्यांत काम सुरू केलं, ते शिक्षणासाठी. जवळून पाहिल्यावर कळलं की या बायकांना आधी वेगळा केलेला सुका कचरा हवा होता, म्हणजे कुंड्या उपसण्यात तासन्‌तास जाणार नाहीत. आणि सोसायटीच्या दारात चोर समजून हाकलू नये म्हणून ओळखपत्र हवं होतं. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे पुणे महापालिकेने ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पालिकेच्या कराराने घरोघरचा कचरा उचलू लागली. ओळखपत्राच्या मागे विद्यापीठाचं नाव नसतं तर ही वाट किती लांबली असती, याचा विचार करून पाहा.

पायरी १: आधी कॉलेजात जागा करा

वस्तीत पाऊल टाकण्याआधी चार गोष्टी कागदावर आणा. तोंडी आश्वासनावर सुरू झालेला उपक्रम डायरेक्टर बदलले की बंद पडतो.

पहिली गोष्ट प्राध्यापकाचा वेळ. ज्याच्याकडे हे काम असेल त्याचा एक विषय वेळापत्रकातून कमी झाला पाहिजे. ‘उत्साहाने जास्तीचं काम’ दिवाळीपर्यंतच चालतं.

दुसरी, विद्यार्थ्यांचं क्रेडिट. सामाजिक सहभागावर दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम घ्यावा असं यूजीसीने सुचवलेलंच आहे. त्यात बसवा, किंवा उन्हाळी प्रोजेक्टमध्ये. गुण नसतील तर प्लेसमेंटच्या हंगामात एकही मूल दिसणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

तिसरी, हातखर्च. झेरॉक्स, नोटरी, तहसीलला जायची रिक्षा, पासपोर्ट फोटो हे सगळे वीस-पन्नास-शंभराचे खर्च. त्यासाठी तीन कोटेशनं मागणारं अकाउंट्स खातं असेल, तर महिन्याची ठरावीक रोख उचल आणि महिनाअखेर एका पानावर हिशेब, अशी मंजुरी आधीच घ्या.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची: त्याच वस्तीतली एक व्यक्ती मानधनावर घ्या. शक्यतो बचत गट चालवलेली, सगळ्यांच्या घरात जा-ये असलेली ताई. मानधन दर महिन्याच्या ठरल्या तारखेला तिच्या खात्यात पडलं पाहिजे. बाकी कशात कपात करा, यात नको.

पायरी २: एकच गट निवडा, आणि त्याची कायद्यातली जागा समजून घ्या

‘वंचित घटक’ या दोन शब्दांखाली वीस वेगवेगळे प्रश्न झाकले जातात. पथारीवाल्याला अतिक्रमण विभागाची गाडी छळते, गाडीया लोहाराला जातीचा दाखला, धरणग्रस्ताला नव्या गावातली अनोळखी बाजारपेठ. पहिल्या वर्षी एकच गट घ्या. तीस-चाळीस कुटुंबं पुरे.

निर्वासितांच्या बाबतीत तर ही वर्गवारी न करता कामाला लागणं घातक ठरू शकतं. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोण कुठून आणि केव्हा आला यावर त्याचे हक्क ठरतात. महाराष्ट्रातलीच तीन उदाहरणं घेऊ.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. इथल्या लोकांकडे परदेशी नागरिक म्हणून नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते वेळोवेळी नवं करून घ्यावं लागतं. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात त्यांना व्यवसाय परवाने देण्याची आणि सरकारी योजनांचा लाभ देण्याची तरतूद आहे. त्या धोरणाची प्रत सोबत ठेवा. काउंटरवरच्या कारकुनाने ती पाहिलेली असेलच असं नाही.

गडचिरोलीतल्या मुलचेरा आणि चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. यांचा पेच वेगळा. त्यांच्यातले बरेच जण नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे अनुसूचित जातींसाठीच्या कर्जयोजनांचे फॉर्म तिथे वाटणं म्हणजे लोकांचा दिवस वाया घालवणं.

तिसरं उदाहरण पुण्याचं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा पुण्यात शिकणारी अफगाण मुलं एका रात्रीत अडकली. घरून पैसे येणं थांबलं, परत जायची सोय नाही. पण कागदावर ती विद्यार्थी व्हिसावर आलेली. अशा मुलाला “फूड स्टॉल टाक, आम्ही मदत करतो” असं म्हणणारा प्राध्यापक मनाने चांगला असेल. त्या मुलाचा व्हिसा मात्र धोक्यात येतो, कारण विद्यार्थी व्हिसावर धंदा करता येत नाही. इथे कॉलेजने करायचं ते फीला मुदत, शिष्यवृत्ती, वसतिगृहात सुट्टीतही राहायची परवानगी आणि व्हिसाच्या मुदतवाढीसाठी वेळेवर बोनाफाईड. हे शेवटचं पत्र परीक्षा विभागात आठवडाभर पडून राहतं आणि तेवढ्यात मुदत संपते.

कायद्याचा सल्ला विद्यार्थ्यांनी देऊ नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी आधीच बोलून ठेवा आणि माणसाला तिथे घेऊन जा.

आणखी एक. ‘निर्वासित’ ऐकलं की हात पसरलेला माणूस डोळ्यापुढे आणायची सवय मुलांना असते. त्यांना उल्हासनगरला न्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बरॅकींत ठेवलेल्या सिंधी कुटुंबांनी तिथे काय उभं केलं, ते फर्निचर बाजारातून आणि जीन्सच्या कारखान्यांतून अर्धा दिवस फिरलं की दिसतं.

गट ठरला की थेट शिरू नका. तिथे आधीपासून कोणीतरी काम करत असतंच: महिला आर्थिक विकास महामंडळाचं (माविम) लोकसंचालित साधन केंद्र, ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा ग्रामसंघ, पथारीवाल्यांची संघटना, वसाहतीचं कार्यालय. त्यांच्याकडे जाऊन विचारा, “तुमचं कुठलं काम माणसांअभावी अडलंय?” यातून मिळालेलं पहिलं काम कंटाळवाणं असेल, बहुधा याद्या टाइप करण्याचं. ते करा.

पायरी ३: पहिले दोन महिने फक्त हिशेब बघा

साठ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन जाऊ नका. “मासिक उत्पन्न किती?” या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. लपवाछपवी हे त्याचं कारण नसतं, महिन्याचा आकडा तिथे कोणी मोजतच नाही. त्याऐवजी विचारा: काल माल कितीचा भरला? पैसे कुठून आणले? संध्याकाळी गल्ल्यात किती होते? उधारीवर किती गेलं? त्यातले घरात किती लागले? हेच पाच प्रश्न, एकाच ताईला, आठवड्यातून दोनदा, दोन महिने. वही तिची, अक्षर विद्यार्थ्याचं, आणि वही तिच्याच घरी राहील.

वेळ त्यांची. भाजीवालीकडे दुपारी दोन ते चार, चहाच्या टपरीवर सकाळी अकरानंतर. तिबेटी स्वेटर विक्रेत्यांकडे थंडीत जाऊच नका. ऑक्टोबर ते जानेवारी ते गावोगावच्या बाजारांत असतात आणि घरी कोणी नसतं. त्यांचा हिशेब समजून घ्यायला पावसाळा बरा.

त्यांचा धंदा एमबीएच्या मुलांनी मुद्दाम पाहावा असा आहे. बरेच विक्रेते लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून हंगामाच्या सुरुवातीला माल उधारीवर उचलतात आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते करतात. पिढ्यान्‌पिढ्या, मुख्यतः शब्दावर. वर्किंग कॅपिटलचं, म्हणजे खेळत्या भांडवलाचं, प्रकरण शिकवताना आपण कारखान्यांची उदाहरणं देतो. इथे तीन-चार महिन्यांत अख्खा वर्षाचा धंदा, थंडी उशिरा पडली तर अडकलेला माल, आणि तरी पुढच्या वर्षी पत टिकवून ठेवायची, हा सगळा धडा एका घरात बसून मिळतो. मुलांनी इथे शिष्य म्हणून बसावं.

कर्जाची चौकशी मात्र पहिल्या महिन्यात करू नका. दिवसाच्या वसुलीचा सावकार, आठवड्याला हप्ता घेणारा मायक्रोफायनान्सचा गट, भिशी, हातउसने, सोनं गहाण या सगळ्याची गुंतागुंत बायका नवऱ्यालाही पुरती सांगत नाहीत. विश्वास बसला की आपोआप बाहेर येते. फोटोही तोवर नको.

पायरी ४: शिकवायचं थोडं, पण हाताला लागेल असं

दोन महिन्यांनी बैठकी सुरू करा. आठवड्याला एक, दोन तासांची, एकूण आठ. जागा वस्तीतली. मुलांना सांभाळायला दोन विद्यार्थी वेगळे ठेवा, नाहीतर अर्ध्या बायका येणार नाहीत. प्रोजेक्टर घरी ठेवा.

काय शिकवावं याबद्दल जगभर बरेच प्रयोग झालेत आणि त्यांचे निष्कर्ष आपल्या अभ्यासक्रमाला फारसे मानवणारे नाहीत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या कर्जदारांच्या एका गटाला रीतसर हिशेबलेखन शिकवलं आणि दुसऱ्याला फक्त सोपे ठोकताळे: धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळ्या जागी ठेवा, स्वतःला ठरावीक रक्कमच घ्या. ठोकताळेवाल्यांचा फायदा झाला. रीतसर शिकलेल्यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. टोगो देशात दीड हजार छोट्या धंदेवाल्यांवर झालेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून बोलका आहे. पारंपरिक बिझनेस ट्रेनिंगपेक्षा ‘स्वतः पुढाकार घ्या, वेगळं काही करून बघा, अडलं तर दुसरी वाट शोधा’ अशा मानसशास्त्रावर आधारलेल्या प्रशिक्षणाने नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पारंपरिक ट्रेनिंगचा परिणाम ठामपणे सांगता येईल इतकाही नव्हता. अहमदाबादेत ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेच्या बँकेतल्या महिला ग्राहकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं तेव्हा मैत्रिणीला सोबत आणलेल्या बायकांनी धंद्यासाठी कर्ज घेण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून बैठकीचं निमंत्रण जोडीने द्या.

पहिल्या तीन बैठकी दोन डब्यांवर खर्च करा. एक डबा धंद्याचा, एक घरचा. हे सांगायला पाच मिनिटं लागतात, अंगवळणी पडायला तीन आठवडे. एक उदाहरण बैठकीत मांडतात तसं मांडून दाखवतो.

समजा, एक ताई मेसला आणि टपऱ्यांना ज्वारीच्या भाकरी पुरवते. किलोभर पीठ, दळणासकट ६० रुपये, त्यात दहा भाकरी. गॅस १५, कागद-पिशवी ५. खर्च झाला ८०. भाकरी १५ रुपयाला, म्हणजे दहाचे १५०. हाती ७०. इथपर्यंत तिला तोंडपाठ असतं आणि विद्यार्थी उगाच फळ्यावर लिहीत बसतो.

आता विचारा, “संध्याकाळी उरतात किती?” ती म्हणते, “दोनेक उरत्यात, घरात खातो की.” म्हणजे विक्री १५० नाही, १२०. हाती ४०. विद्यार्थी म्हणतो तोटा झाला, ती म्हणते तोटा कसला, पोरांचं जेवण झालं. दोघांचंही बरोबर आहे, आणि डबे इथेच कामाला येतात. एका भाकरीचा खर्च ८ रुपये. दोन भाकरी घराने ‘विकत घेतल्या’, तेव्हा घरच्या डब्यातून १६ रुपये धंद्याच्या डब्यात टाका. हाती ५६. आता प्रश्न उरतो की रोज दोन भाकरी जास्त थापायच्याच कशाला? टपरीवाल्याला दुपारी चारला फोन करून नग विचारले तर? हा निर्णय तिचा तिने घेतला की बैठक संपली. तिच्या मजुरीचा भाव, चुलीची झीज हे पुढच्या आठवड्यात.

उरलेल्या बैठकींत उधारीची वही, भाव कधी वाढवायचा, एकत्र माल भरणं आणि फोनवरून पैसे घेताना होणारी फसवणूक एवढं घ्या. शेवटच्या विषयाला मागणी सगळ्यात जास्त असते. क्यूआर कोडचा स्टिकर कोणी रात्रीत बदलून गेला तर काय, पैसे आल्याचा खोटा मेसेज कसा ओळखायचा, याची तालीम घ्या. मार्केटिंगचे फोर पी वगैरे शिकवायचा मोह होईल, तो आवरा.

पायरी ५: कागद

खरं काम इथे आहे. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, वस्तीत एक टेबल, लॅपटॉप, स्कॅनर, दोन विद्यार्थी. परीक्षा असो वा सुट्टी, टेबल लागलंच पाहिजे.

पहिल्यांदा सगळ्यांची नावं जुळवा. आधारवर ‘सुनिता’, बँकेत ‘सुनीता’, रेशनकार्डावर माहेरचं आडनाव, एवढ्यावर अर्ज परत येतो. ही दुरुस्ती झाल्याशिवाय पुढचा एकही फॉर्म भरू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, तरी एजंट तिचे शेकड्यांनी रुपये घेतात. जीएसटी आणि पॅनच्या भानगडीत नसलेल्या अगदी छोट्या धंद्यासाठी उद्यम असिस्टची वाट आहे, ती बँक किंवा तत्सम संस्थेमार्फत होते. खाण्याचा पदार्थ विकणाऱ्याला अन्न परवान्याची मूलभूत नोंदणी लागते. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी: २०२५ मध्ये योजना वाढवली तेव्हापासून पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००. त्यासाठी पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं, आणि गाडं अडतं ते इथेच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहरात पथविक्रेता समिती हवी आणि तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. तुमच्या शहरात ती आहे का आणि शेवटची कधी बसली, हे कॉलेजच्या लेटरहेडवर विचारा. एकट्या विक्रेत्याच्या अर्जापेक्षा त्या पत्राला लवकर उत्तर येतं.

लोहार, कुंभार, टोपल्या-झाडू करणारे, न्हावी, शिंपी, परीट अशा १८ व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख. कुटुंबातल्या एकालाच मिळते, तेव्हा घरात आधी ठरवून घ्यायला सांगा.

जातीचा दाखला हा भटक्या-विमुक्तांच्या वस्तीतला सगळ्यात चिवट विषय. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा पालं ठोकत गावं बदलत होते, त्यांच्याकडे १९६१ चा सातबारा कुठून येणार? इथे विद्यार्थ्यांच्या पायांचा उपयोग आहे. जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रामपंचायतीची जुनी कागदपत्रं, नातेवाइकांपैकी कोणाला आधी मिळालेला दाखला. एका कुटुंबाचा धागा लागला की त्याच्या आधारे भावकीतल्या बऱ्याच जणांचं काम होतं. चिकाटीने शोधा, आणि प्रत्येक कागदाचं स्कॅन ठेवून मूळ प्रत त्याच दिवशी परत करा. लोकांचे मूळ कागद कॉलेजच्या कपाटात एक रात्रसुद्धा नकोत.

पायरी ६: भांडवल, आणि कॉलेजने सावकार न होणं

कॉलेजने स्वतः कर्ज देऊ नये. वसुलीला गेलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा त्या घरात चहा मिळत नाही. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी आला तर तो अवजारं, गाडा, शीतपेटी अशा वस्तूंसाठी वापरा.

कर्जासाठी बँकेतच जावं लागेल. मुद्रा योजनेतलं ५०,००० पर्यंतचं शिशु कर्ज विनातारण असतं. शाखेत मात्र “गॅरंटर आणा” असं सर्रास ऐकवलं जातं. प्राध्यापक सोबत बसलेला असला की हे वाक्य कमी ऐकू येतं, असा अनुभव आहे. जाताना दोन महिन्यांची ती हिशेबाची वही न्या. मॅनेजरला ताळेबंद दाखवण्यापेक्षा रोजची खरी विक्री दाखवा.

बँकेपुढे दबणाऱ्या बायकांना म्हसवडची गोष्ट सांगावी. माण तालुक्यातल्या महिलांनी बँक काढायला अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासोबत त्या पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे त्याच परिवाराने ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल काढलं आणि ते बसमध्ये बसवून गावोगाव फिरवलं. मॅनेजमेंट कॉलेजांनी जाऊन पाहावं असं ते आहे.

परतफेडीचा हप्ता लगेच सुरू होतो ही छोट्या कर्जांची मोठी अडचण. कोलकात्यात मायक्रोफायनान्सच्या कर्जदारांना दोन महिने हप्त्याची सवलत दिली, तेव्हा त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि नफा वाढला, थकबाकीही वाढली. ही दुसरी बाजू मुलांना लपवू नका. मोसमी धंद्याला पहिला हप्ता कधी असावा, ही चर्चा मॅनेजरशी कर्ज मंजूर होण्याआधी करायची असते.

पायरी ७: पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच व्हा

कॉलेजची वर्षाची खरेदी काढून बघा: समारंभांचा नाश्ता, पाहुण्यांच्या भेटवस्तू, कापडी पिशव्या, मेसची भाजी, शिवणकाम, बागकाम. यातलं काय वस्तीतून घेता येईल ते ठरवा, दया म्हणून नको, भाव आणि दर्जा पाहून. आणि पैसे त्याच दिवशी द्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. आपण तो वर्गात शिकवतो, आणि आपलंच अकाउंट्स खातं समोशाचं बिल तिमाहीवर ढकलतं. ज्या बाईचं सगळं भांडवल तीन हजार आहे, तिचे दोन हजार दीड महिना अडकवले तर तिचा धंदा आपणच बंद पाडला. म्हणून आधी थोडी ॲडव्हान्स, उरलेले माल घेताना.

मग माजी विद्यार्थ्यांच्या कंपन्या. ऑर्डर मोठी आणू नका. दोनशे डब्यांची एकदाची ऑर्डर कौतुकाची वाटते. ती पुरी करायला ताई नेहमीची वीस गिऱ्हाइकं सोडते आणि पुढच्या आठवड्यात तिच्याकडे दोन्ही नसतात. रोजचे वीस डबे मागणारं ऑफिस शोधा.

पायरी ८: मोजणी आणि हवाली

अहवालात ‘लाभार्थी संख्या’ लिहावी लागेल, लिहा. स्वतःसाठी मात्र वेगळं मोजा: किती जणींचा दिवसाच्या व्याजाचा सावकार सुटला, किती जणींकडे दोन डबे अजून आहेत, कुठला अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहे, कोणाचा धंदा बंद पडला आणि का. शेवटची नोंद टाळू नका. बंद पडलेल्या धंद्यात पुष्कळदा आजारपण किंवा लग्नाचा खर्च असतो, आणि त्यावर धंद्याचं कुठलंच ट्रेनिंग लागू पडत नाही. अशा घराला विम्याची आणि सरकारी दवाखान्याच्या योजनेची माहिती जास्त कामाची.

वर्षातलं सगळ्यात नाजूक काम मार्च-एप्रिलमध्ये येतं. दुसऱ्या वर्षाची मुलं पास होऊन जातात आणि त्यांच्यासोबत सगळी ओळखही जाते. म्हणून पहिल्या वर्षाची मुलं जानेवारीपासूनच टेबलावर बसवा. जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येक टपरीवर, प्रत्येक घरी स्वतः घेऊन जावं. अर्जांचं रजिस्टर एकच असावं आणि ते वस्तीतल्या ताईकडे असावं. केंद्राच्या फोनचं सिम कॉलेजच्या नावावर घ्या. मुलांच्या खासगी नंबरवर केंद्र चालवलं, तर जूनमध्ये लोक फोन करतील तेव्हा तो मुलगा गुरगावला नोकरीला लागलेला असेल.